वारशाच्या दालनात नवागतांची जागा कोणती?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने; ओळख पटेल असा तपशील गाळला आहे)

एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्या वाचक लिहितात: "संस्थेच्या वर्धापनवर्षानिमित्त 'आपला सामायिक वारसा' या विषयावर प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. कामासाठी परदेशांतून आलेली आणि युद्धामुळे आश्रयाला आलेली पुष्कळ कुटुंबे आता आमच्या शहरात राहतात. त्यांच्यासाठी शेवटचे दालन राखून त्याला 'नवागतांचे योगदान' असे नाव द्यायचे ठरले आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, वारसा म्हणजे जे मुळात आपले आहे ते. इतरांचे कौतुक अवश्य करावे, पण वेगळे ठेवून करावे, नाहीतर पुढच्या पिढीला आपले काय हेच कळणार नाही. एका तरुण सहकाऱ्याच्या मते वेगळे दालन हाच अपमान आहे. दरम्यान, आश्रयाला आलेल्या आणि उत्तम भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे मी त्यांचे काम मागितले, तर त्या म्हणाल्या, 'मी इथे काही द्यायला आले नव्हते, जीव वाचवायला आले. हे माझं काम आहे, योगदान नाही.' ते मनाला फार लागले. स्थलांतरित आणि निर्वासित देशाची संस्कृती समृद्ध करतात असे मी मनापासून मानते. मग माझे चुकते कुठे? आणि दालन वेगळे ठेवावे की नाही?"

उत्तर

दालनाविषयीचे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचे सावकाश बोलता येईल. वेगळे दालन करू नका. मात्र तुमचे तरुण सहकारी जे कारण देतात ते मला पुरेसे वाटत नाही. वेगळी जागा हा दर वेळी अपमानच असतो असे नाही. काही समाजांना आपले म्हणणे आपल्याच चौकटीत मांडायचे असते, आणि त्यांनी तशी जागा मागितली तर ती द्यायला हवी. माझा आक्षेप अचूकतेचा आहे. शेवटचे दालन 'नवागतांचे' म्हटले की त्याआधीची सगळी दालने न बोलताच 'मूळची' ठरतात, आणि ते फारच थोड्या देशांच्या व फारच थोड्या वस्तूंच्या बाबतीत खरे असते. तुमचे ज्येष्ठ सदस्य सौजन्याने वागू पाहत आहेत, यात मला शंका नाही. पण वारसा आधी पूर्ण झाला आणि मग बाहेरून आलेल्यांनी त्यात थोडी भर घातली, असा क्रम त्यांनी गृहीत धरलेला आहे. तो तपासून पाहायला हवा.

ग्रीसमधल्या रेबेटिको या गानपरंपरेचा इतिहास या कामी फार उपयोगी पडतो, म्हणून त्यावर जरा थांबते. पहिल्या महायुद्धानंतरच्या ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ग्रीसचा पराभव झाला, सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना (आजचे इझमीर) हे बंदर जळाले आणि आशिया मायनरमधले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, ख्रिस्ती मिळेल त्या बोटीने पळाले. पुढच्या वर्षी लोझान येथे झालेल्या करारानुसार दोन्ही देशांनी लोकसंख्येची सक्तीने अदलाबदल केली. कोणी कुठे जायचे हे भाषेवरून न ठरता धर्मावरून ठरले. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन ते चार लाख मुसलमानांना ग्रीस सोडून तुर्कस्तानात जावे लागले. त्या वेळी ग्रीसची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास होती, यावरून या लोंढ्याचा आकार लक्षात येईल. आलेल्यांपैकी काहींची घरची भाषा तुर्की होती. धर्म तोच, देश कागदोपत्री 'आपलाच', आणि तरीही स्थानिक लोक त्यांना तुर्कांची अवलाद म्हणत. 'दह्याने बाप्तिस्मा झालेले' म्हणून त्यांच्या खाण्याची आणि श्रद्धेची एकाच वेळी टर उडवत.

या माणसांबरोबर स्मर्ना आणि इस्तंबूलच्या कॅफेंमधली गायकी आली. व्हायोलिन, ऊद हे तंतुवाद्य आणि संतुराच्या जातीचे एक वाद्य यांच्या साथीने, स्वर लांबवत, आर्त आलाप घेत ती गायली जाई. अथेन्सला लागून असलेल्या पिरीयस बंदराच्या धक्क्यावर, तुरुंगांत आणि गुत्त्यांत बुझुकी या तंतुवाद्यावर गायली जाणारी गाणी त्याआधीपासून होतीच. निर्वासितांच्या वस्त्याही त्याच बंदराभोवती उभ्या राहिल्या आणि दोन्ही धारा एकमेकींत मिसळल्या. १९३४ च्या सुमारास पिरीयसमध्ये चार गायक-वादकांनी जमवलेली एक चौकडी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी आनेस्तिस डेलियास स्मर्नात जन्मलेले आणि स्त्रातोस पायुम्झिस आयवालीत, म्हणजे दोघेही समुद्रापलीकडचे. योर्गोस बातिस मेथानाचे आणि मार्कोस वाम्वाकारिस सायरॉस बेटावरचे, म्हणजे हे दोघे ग्रीसमधलेच. पण वाम्वाकारिससुद्धा पोरवयात बेट सोडून पिरीयसच्या गोदीवर मजुरीला आलेले. आता हे चौघे एकाच बाकावर बसून एकच गाणे वाजवत असताना त्यांतल्या कोणाला मुख्य दालनात बसवायचे आणि कोणाला शेवटच्या, हे तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना अवश्य विचारा. प्रश्न खोडसाळ वाटेल, पण त्याचे उत्तर शोधायला गेले की वेगळ्या दालनाची अडचण आपोआप समोर येते: गाणे दोन तुकड्यांत कापल्याशिवाय ती वाटणी होत नाही.

या कथेचा उत्तरार्धही पाहण्यासारखा आहे. १९३६ मध्ये ग्रीसमध्ये मेटाक्सासची हुकूमशाही आली आणि लवकरच गाण्यांवर सेन्सॉर बसला. पौर्वात्य वळणाची गायकी त्यात विशेष डोळ्यांवर आली. प्रतिष्ठितांना ही गाणी गुन्हेगारांची वाटत होतीच. मग १९४९ मध्ये मानोस हाजिदाकिस या तरुण संगीतकाराने अथेन्समध्ये त्यांच्या बाजूने एक व्याख्यान दिले, त्याची बरीच चर्चा झाली आणि हळूहळू शिष्ट समाजाचे कान त्या गाण्यांना सरावले. २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत रेबेटिकोचा समावेश केला, तो ग्रीसच्याच प्रस्तावावरून. १९३६ साली 'आपला वारसा' या विषयावर कोणी प्रदर्शन भरवले असते, तर या गाण्यांना त्यात शेवटचे दालनही मिळाले नसते. तुमच्या समितीने एवढे जरी लक्षात घेतले, तरी 'हे आपले' आणि 'ते त्यांचे' असे पाट्यांवर लिहिताना हात थोडा जपून चालेल.

टँगो या नृत्य-संगीताची गोष्ट बरीच परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयरेस शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या परदेशांत जन्मलेली होती. त्या शहरात आणि नदीपलीकडच्या माँटेव्हिडिओत आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ताल, युरोपातून आलेल्या मजुरांची गाणी आणि स्थानिक गुराख्यांचे संगीत एकत्र आले. ज्याच्याशिवाय आज टँगोची कल्पनाही करवत नाही, ते बँडोनिअन हे वाद्य जर्मनीत तयार झालेले आहे. २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी संयुक्तपणे टँगोची नोंद युनेस्कोच्या यादीत करून घेतली. 'मूळचे' या शब्दाला इथे फारशी जागाच उरत नाही. युनेस्कोच्या २००३ च्या करारातली व्याख्याही हेच सांगते: असा वारसा पिढ्यानपिढ्या सोपवला जातो, आणि आपला परिसर, निसर्ग व इतिहास यांना प्रतिसाद देत समाज तो सतत नव्याने घडवत राहतो. समितीला एखादे अधिकृत वचन हवे असेल, तर हे वापरायला हरकत नाही.

आता तुमच्या मनाला लागलेल्या बोलण्याकडे वळते. तुमच्या पत्रातले ते सर्वांत मोलाचे वाक्य आहे असे मला वाटते, आणि ते बोलताना त्या बाईंनी तुमच्यावर रोष धरला असेल असे मला वाटत नाही. त्यांनी एक भेद दाखवून दिला. 'योगदान' म्हटले की देणारा, घेणारा आणि हिशोब ठेवणारा असे तिघे जमतात. आणि हिशोब ठेवणारा नेहमी यजमानच असतो.

निर्वासितांना आश्रय का द्यायचा, याचे उत्तर १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सार्थ भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही, तो निर्वासित. या व्याख्येत गुण, कौशल्य, उपयोग, संस्कृती यांपैकी एकही शब्द नाही, आणि तो नसणे अत्यंत महत्त्वाचे आहे. अंथरुणाला खिळलेला म्हातारा, धक्क्याने बोलेनासे झालेले मूल, आयुष्यभर साधी नोकरी करून कोणाच्या लक्षातही न येता जगलेला माणूस, या सर्वांचा आश्रयावर तेवढाच हक्क आहे. कामासाठी येणाऱ्या स्थलांतरितांची गोष्ट कायद्याने वेगळी आहे. त्यांना येऊ द्यायचे की नाही हे देश आपल्या गरजेप्रमाणे ठरवतात. पण एकदा ते इथले रहिवासी झाले, त्यांची मुले इथल्या शाळांत शिकू लागली, की त्यांनाही रोज आपले मोल सिद्ध करायला लावणे न्याय्य नाही. तेव्हा 'ते आपली संस्कृती समृद्ध करतात' हे विधान खरे असले, तरी ते आश्रयाचे कारण म्हणून पुढे करू नये. कारण म्हणून पुढे केले की ते भाडे होते, आणि ज्याला भाडे भरता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न लगेच दाराशी येऊन उभा राहतो.

याच कारणासाठी निर्वासित म्हणून आलेल्या थोरांची यादी भिंतीवर लावण्याचा मोह टाळा. अशी यादी करणे सोपे असते आणि ती खरीही असते. लुडविग गुटमान हे जर्मनीतले ज्यू मज्जाशल्यविशारद १९३९ मध्ये इंग्लंडला आश्रयाला आले. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या युद्धजखमींवर उपचार करताना त्यांनी खेळाला उपचाराचा भाग केले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली, आणि तिच्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. पण १९३९ साली बंदरावरच्या अधिकाऱ्याने त्यांना 'तुम्ही या देशाच्या क्रीडासंस्कृतीला काय देणार?' असे विचारले असते, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. आश्रय आधी मिळाला. पुढचे सगळे त्या आश्रयात घडले. थोरांची यादी लावली की हा क्रम उलटा दिसू लागतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात नकळत अशी समजूत बसते की दार गुणवंतांसाठी उघडले होते.

'समृद्ध' या शब्दाखाली कधीकधी बळजबरीही झाकली जाते. जपानी चिनीमातीच्या भांड्यांसाठी जगभर नावाजलेले आरिता हे गाव घ्या. १५९२ ते १५९८ या काळात जपानी फौजांनी कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना कोरियन कुंभारांना पकडून बरोबर आणले. त्यांपैकी यी साम-प्योंग यांना १६१६ च्या सुमारास आरिताजवळ योग्य माती सापडली आणि जपानी पोर्सेलिनची सुरुवात झाली, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकाच्या मध्यापासून ही भांडी डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून युरोपात जाऊ लागली. आज आरिताच्या टेकडीवर यी साम-प्योंग यांचे स्मारक आहे. त्याखालच्या देवळात तेही पूजले जातात आणि त्या देवळाची कमान पोर्सेलिनची आहे. ही कृतज्ञता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण भांड्याशेजारच्या पाटीवर 'कोरियन कारागिरांचे योगदान' एवढेच लिहिले, तर ते अर्धसत्य होईल. ती माणसे कैदी म्हणून आली होती. त्यांच्या हातून जे घडले त्याने जपान समृद्ध झाला, आणि कोरियातली कित्येक गावे कुंभारांना मुकली. आपण वारशाचा जमाखर्च बहुधा जमेच्या बाजूनेच वाचतो. दुसऱ्या टोकाला काय वजा झाले, हे पाहण्याची आपल्याला सवय नसते.

इथवर मी वस्तूंबद्दल आणि गाण्यांबद्दल बोलले, कारण प्रदर्शनात त्याच मांडता येतात. पण बाहेरून आलेला माणूस आणखी एक काम करतो आणि ते कपाटात ठेवता येत नाही: स्थानिक लोकांना सवयीने दिसेनासे झालेले तो पाहतो. निकोलाउस पेव्ह्सनर यांचे काम याचा सर्वांत चांगला दाखला आहे. लाइपझिगमध्ये १९०२ साली जन्मलेले हे कलेतिहासकार ज्यू वंशाचे असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांची जर्मनीतली विद्यापीठातली जागा गेली आणि ते इंग्लंडला आले. १९४० मध्ये त्याच इंग्लंडने त्यांना 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून काही काळ स्थानबद्ध केले. युद्ध संपल्यावर त्यांनी इंग्लंडमधल्या उल्लेखनीय इमारतींची परगणावार नोंद करण्याचे काम हाती घेतले. १९५१ ते १९७४ या काळात या मालेचे ४६ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतले बहुतेक त्यांनी एकट्याने आणि उरलेल्यांपैकी बरेच सहकाऱ्यांबरोबर लिहिले. बरीच वर्षे त्यांच्या पत्नी लोला गाडी चालवत आणि ते शेजारी बसून टिपणे घेत. दिवसभर खेड्यांतली चर्चे, वाडे, पूल, गोदामे पाहायची आणि रात्री मुक्कामी टिपणे लिहून काढायची, असा त्यांचा क्रम असे. जी व्हिक्टोरियन बांधकामे तेव्हा बेढब म्हणून सर्रास पाडली जात होती, त्यांच्या रक्षणासाठी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ते पुढे अध्यक्ष झाले. आपल्या गावच्या चर्चमध्ये काय पाहण्यासारखे आहे हे इंग्रज माणूस आजही पेव्ह्सनर उघडून पाहतो. आता सांगा, हे ४६ खंड कोणत्या दालनात ठेवाल? ही नोंद इंग्लंडमधल्या इमारतींची आहे, स्थलांतरितांच्या कामाची म्हणून केलेली नाही. नोंदवणारा मात्र निर्वासित आहे. तुमच्या शहरातही जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढणारे, जुनी वाद्ये दुरुस्त करणारे, वाचनालयातली जुनी पुस्तके बांधून देणारे लोक कोण आहेत, याची चौकशी करा. मुख्य दालनातल्या वस्तू आजवर कोणाच्या हातांनी टिकल्या, हे कळले की पुष्कळांचा सूर बदलतो.

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. बाहेरून आलेल्या लोकांमुळे स्थानिक भाषा, जमीन आणि श्रद्धा नष्ट झाल्याची उदाहरणे इतिहासात आहेत आणि ती भयंकर आहेत. उत्तर अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना विचारले, तर 'नवागतांनी आमची संस्कृती समृद्ध केली' हे वाक्य त्यांना क्रूर विनोद वाटेल. पण तिथे आलेले लोक सैन्य, जमिनीचे कायदे आणि सक्तीच्या शाळा घेऊन आले होते. स्थानिकांची मुले घरातून उचलून नेण्याची सत्ता त्यांच्याकडे होती. आश्रयाला आलेल्या कुटुंबाकडे यांपैकी काही नसते. त्याच्या बाबतीत बहुधा उलटेच घडते: अनेक देशांतला अनुभव असा की तिसऱ्या पिढीपर्यंत घरची भाषा मागे पडते आणि नातवंडांना आजीशी बोलायला दुभाषा लागतो. तेव्हा कोण बाहेरून आले यापेक्षा कोणाच्या हातात सत्ता होती, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

सत्तेचा हा निकष आपल्या स्मरणशक्तीलाही लागू पडतो, हे जाता जाता नोंदवते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला गेलेले मराठे राज्यकर्ते होते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख आज तिथल्या वारशाचा भाग म्हणून जपला जातो. सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचा अभिमान तमिळ माणसालाही वाटतो, आणि तो रास्त आहे. पण राजा होऊन आलेल्या परक्याला इतिहास आश्रयदाता म्हणतो आणि बोचके घेऊन आलेल्याला ओझे म्हणतो, या पक्षपाताची आठवण प्रदर्शन मांडणाऱ्याने ठेवायला हवी.

मग मांडणी कशी करावी? तरुण सहकाऱ्याचे ऐकून सगळे सरमिसळ केले आणि कोण कुठून आले याचा उल्लेखच टाळला, तर दिसायला ते समतेचे होईल, पण देश सोडावा लागण्याचा अनुभव त्यातून साफ पुसला जाईल. पाहणाऱ्याला वाटेल की सगळे आपोआप आणि गोडीगुलाबीने घडले. मी तुमच्या जागी असते, तर दालने माणसांच्या मुळावरून न करता कामांवरून केली असती: कापड आणि सुई, गाणे आणि वाद्य, बांधकाम, छपाई आणि पुस्तक, आजारपण आणि शुश्रूषा. प्रत्येक दालनात जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवता येते, आणि भरतकामाच्या दोन नमुन्यांत दोनशे वर्षांचे अंतर असले तरी टाका तोच आहे की निराळा, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी ताडता येते. प्रत्येक वस्तूच्या पाटीवर ती कोणी केली, ते कसब कुठून आले आणि ती 'आपली' म्हणून कधीपासून गणली जाऊ लागली, हे लिहा. हाच नियम मूळच्या समजल्या जाणाऱ्या वस्तूंनाही लावा. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर पुष्कळदा सापडणार नाही. तिथे 'माहीत नाही' असे लिहायला संकोच करू नका. आणि वाद झाला असेल तर वादही लिहा. एखादी कला आधी हिणवली गेली असेल, एखाद्या प्रार्थनास्थळाला कधी विरोध झाला असेल, तर ते गाळून केलेला गोडवा पाहुण्यांना कदाचित आवडेल, पण ज्यांनी ते सोसले त्यांना ते लगेच ओळखू येते.

देश सोडून येण्याच्या कहाण्यांसाठी एखादी वेगळी जागा हवीच असेल, तर ती ठेवावी की नाही हे त्या लोकांनीच ठरवावे, आणि त्यासाठी आमंत्रित म्हणून न बोलावता मत देण्याचा अधिकार असलेले सदस्य म्हणून त्यांच्यापैकी दोघा-तिघांना निवड समितीवर घ्या. त्यांच्या वेळेचे आणि कामाचे मानधन द्या. 'सामाजिक कार्य' म्हणून फुकट काम करण्याची अपेक्षा नेमकी ज्यांना ते परवडत नाही त्यांच्याकडूनच सर्वांत जास्त केली जाते, हे मी अनेक संस्थांत पाहिले आहे. त्यांच्याकडे फक्त नाच, पेहराव आणि पदार्थ मागू नका. ही मागणी प्रेमाने केली जाते, पण त्यामुळे एक अख्खा समाज उत्सवाच्या दिवसापुरता दिसतो आणि बाकीच्या दिवसांत काम करणारा, वाचणारा, वाद घालणारा माणूस अदृश्य राहतो.

एका बाबतीत विशेष जपा. आश्रयाला आलेल्या माणसाचे नाव, छायाचित्र, मूळ गाव किंवा प्रवासाचा मार्ग लेखी संमतीशिवाय कुठेही छापू नका. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा त्रास होऊ शकतो. संमती दिल्यानंतरही ती कधीही मागे घेता येईल, हे त्यांच्या भाषेत, विश्वासातल्या दुभाष्याकरवी सांगा. 'तुम्ही तिथून कसे पळालात?' हा प्रश्न मुलाखतीच्या सुरुवातीला विचारू नका. खरे तर तो तुम्ही विचारूच नये, त्यांना सांगायचे असेल तर ते सांगतील.

भरतकाम करणाऱ्या बाईंचा नकार नकार म्हणूनच स्वीकारा. काही दिवसांनी त्यांना भेटून एवढेच सांगा की त्यांच्या बोलण्यामुळे दालनाचे नाव बदलते आहे, आणि कापडाच्या दालनातल्या नमुन्यांची पारख करायला जाणकार माणूस हवा आहे, मानधनासह. हे मात्र खरोखरच काम हवे असेल तरच सांगा. त्यांचे मन वळवण्याची युक्ती म्हणून सांगाल, तर ते त्यांच्या लक्षात येईल.

ज्येष्ठ सदस्यांशी समितीच्या बैठकीत वाद घालू नका. चारचौघांत माणूस आपले मत सोडत नाही. त्यांना जी वस्तू सर्वांत अस्सल आपली वाटते, ती त्यांनाच निवडू द्या आणि तिच्या पाटीसाठी वरच्या तीन मुद्द्यांचा शोध त्यांनीच घ्यावा, अशी विनंती करा. ज्याला वारशाची एवढी आस्था आहे, तो माणूस हा शोध मनापासून घेईल. त्यातून त्यांचे मत बदलेलच असे मी सांगत नाही. पण पाटी अचूक होईल.

आणि आत्ताच ठरवून ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. अशा उपक्रमांत जमवलेल्या मुलाखती, छायाचित्रे आणि पाट्या प्रदर्शन उतरल्यावर कोणाच्या तरी घरी खोक्यात जातात आणि काही वर्षांनी सापडत नाहीत. ज्यांनी संमती दिली आहे त्यांचे साहित्य वाचनालयाच्या कायमच्या संग्रहात दाखल करा, त्याला रीतसर दाखलक्रमांक द्या, ते विषयवार सूचीत कापड, संगीत, वास्तू अशा त्या त्या विषयाखाली नोंदवा आणि एक प्रत ज्याची त्याच्या घरी पोचवा.